वरच्या मजल्याची नाडी

१७ फेब्रुवारी १९९७, सोमवार

सरकारी पाहणी झाली. आलेले इंजिनिअर सभ्य होते. बूट बाहेर काढा म्हटल्यावर काढले. वरच्या हॉलमध्ये मान वर करून बराच वेळ उभे राहिले. मधल्या दोन बीमना खालच्या अंगाला भेगा आहेत, केसाएवढ्या. मला त्या दिवाळीपासून ठाऊक होत्या, पण मी त्या रंगाच्या समजत होते. साहेबांनी स्टुलावर चढून एक नखाने खरवडून दाखवली. रंगाच्या नाहीत.

निकाल असा की वार्षिक परीक्षेपर्यंत वर वर्ग भरवायला हरकत नाही. जूनपासून इमारत धड असल्याचा जाणकाराचा दाखला हवा, नाहीतर वरचा मजला बंद.

वरचा मजला म्हणजे पाचवी, सहावी आणि सातवी. खाली जागा नाही. संस्थेचे चिटणीस संध्याकाळी म्हणाले, "केळुस्करबाई, मग चौथीपर्यंतच ठेवू शाळा. सिल्वासात इतर शाळा आहेत की." आहेत. मराठीची दुसरी लांब आहे आणि गच्च भरलेली आहे. बाकीच्या गुजराती नि हिंदी. धुळ्या-नंदुरबारकडून कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची ही मुलं. पाचवीला एकदम भाषा बदलली तर निम्मी वर्षभरात बापाच्या शेजारी मशीनवर उभी राहतील आणि मुली घरी बसतील. मी ते होऊ देणार नाही. कसं, ते मात्र ठाऊक नाही.

३ मार्च

ह्यांच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राचा मुलगा हर्षल आज मुंबईहून आला. इंजिनिअरिंग कॉलेजात इमारतींची तब्येत तपासण्यावर संशोधन करतो. त्याला अभ्यासाला एक आजारी इमारत हवी आहे, मला दाखला. फी नाही. दाखला त्याचे प्राध्यापक देतील, "पण इमारतीने दिला तरच," असं तो म्हणाला. हे वाक्य मला आवडलं. दाढी आवडली नाही.

सामान म्हणजे एक संगणक, वायरींची गुंडाळी आणि काड्यापेटीएवढ्या डब्या. डब्या छताला आणि बीमना लावल्या. इमारत थरथरली की त्यांना समजतं. शिवाय नखाएवढ्या पट्ट्या बीमवर चिकटवल्या. बीम वाकला की पट्टी ताणली जाते आणि आकडा बदलतो. मी विचारलं, इमारत थरथरवणार कशी? तर हा गच्चीवर गेला, चवड्यांवर उभा राहिला आणि टाचा धपकन खाली टेकल्या.

"हे शिकायला एम.टेक. व्हावं लागतं?"

"टाचा आपटायला नाही, बाई. मोजायला लागतं."

पाचवीच्या केतकीबाई जोरात हसल्या. त्यांना मी वर्गात जायला सांगितलं.

६ मार्च

हर्षलने जुन्या नकाशांवरून संगणकात आमची शाळा बांधली आहे. नुसत्या हिरव्या रेघांची. भिंती नाहीत, मुलं नाहीत, गोंगाट नाही. मला बरी वाटली.

त्याचं म्हणणं असं. नुसतं मोजून काही कळत नाही आणि नुसता हिशोब करूनही काही कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवायचे. जुळले तर उत्तम. जिथे जुळत नाहीत तिथे इमारतीला काहीतरी झालेलं असतं. छत सेकंदाला किती वेळा थरथरतं, त्याला मी शाळेची नाडी म्हणते. संगणकातल्या शाळेचं छत सेकंदाला नऊ वेळा थरथरतं. आमचं पावणेसात वेळा.

"म्हणजे?"

"म्हणजे बीम कमजोर झाले असावेत. ढिली तार सावकाश हलते तसं."

एवढ्यात वीज गेली आणि हिरवी शाळा नाहीशी झाली. गलोंड्याच्या बाजूला नवीन कारखाना सुरू झाल्यापासून दुपारी हे रोजचंच. हर्षलने डोक्याला हात लावला. मी त्याला पन्हं दिलं आणि सांगितलं, हात लावून वीज येत नाही.

२३ मार्च, रविवार

गच्चीवर पाण्याचे ड्रम ठेवून ते नळीने हळूहळू भरले. शाळेत हर्षल, मी आणि शिपाई गजानन एवढेच, आणि हॉलमध्ये कोणी पाऊल टाकायचं नाही असा माझा हुकूम. ड्रम भरत गेले तसे बीम किती वाकतात ते पट्ट्या सांगत होत्या. हर्षलच्या अंदाजाने संगणकापेक्षा फार जास्त वाकायला हवे होते. वाकले जवळजवळ संगणकाएवढेच.

म्हणजे नाडी सांगते बीम कमजोर, आणि ड्रम सांगतात बीम ठणठणीत. हर्षलने एस.टी.डी. बूथवरून प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, डब्या बदल. त्याने बदलल्या. नाडी तीच.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तू शाळेत कडक आणि घरी मऊ असतेस, तसंच काहीतरी असेल." मी घरी मऊ नाही.

६ एप्रिल, रविवार

फार चांगला दिवस.

पालकांचं श्रमदान झालं. दरवर्षी पाडव्याच्या आसपास एका रविवारी सगळे पालक गच्चीवर विटांचे तुकडे, सिमेंट आणि चुन्याचा एक हात देतात, म्हणजे पावसाळ्यात छत गळत नाही. हे त्यांनी आपणहून सुरू केलं. पहिल्या वर्षी मी नको म्हटलं होतं, तर पालक समितीचे झुंबर पाटील म्हणाले होते, "बाई, आमच्या पोरांच्या डोक्यावरचं छत शे. आम्हालेच करू द्या." तेव्हापासून चालू आहे. आमच्या कुडाळकडे कौलं शाकारतात, इकडे हे. माणसांना छताची काळजी असावी हे चांगलं लक्षण आहे. सिल्वासात पावसाळ्यात न गळणारी इमारत दाखवावी कोणी. आमची दाखवते मी.

यंदा सरकारी पाहणीचं कळल्यामुळे झुंबरने जास्तच माणसं आणली होती. रात्रपाळी करून आलेले, डोळे तांबारलेले, तरी घमेली उचलत होते. झुंबर ओरडत होता, "अरे, जाड टाका ना! साहेब येऊन राहिले पाहाले!" बायकांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता. मी नेहमीप्रमाणे चहा दिला आणि दोन शब्द बोलले.

एक लक्षात आलं. गच्चीचा कठडा फारच बुटका आहे. मला वाटतं तो कंबरेएवढा होता, पण आज मांडीला लागला. ठेकेदाराने तेव्हा हात मारलेला दिसतो. मुलं उंच होत चालली आहेत, लोखंडी कठडा बसवून घ्यायला हवा. चिटणीसांशी बोलणे.

हर्षल पाडव्याला मुंबईला गेला आहे. असता तर भाकरी खाल्ली असती त्यानेही.

१० एप्रिल

वाईट. हर्षल सकाळी परतला आणि आल्या आल्या टाचा आपटल्या. साडेसहा. तीन आठवड्यांत नाडी पावणेसातवरून साडेसहावर आली. तीनदा मोजलं.

"बाई, बीम वेगाने बिघडताहेत. मी खोटं सांगणार नाही. मुलांना आजच खाली आणा."

आणली. दुपारच्या सुट्टीच्या आत वरचा मजला रिकामा. पाचवी व्हरांड्यात, सहावी कार्यालयात, सातवी चिंचेखाली. कोणी रडलं नाही, उलट चिंचेवरून भांडणं झाली. का आणली, ते मी कोणाला सांगितलं नाही. हर्षल म्हणतो, असंच चाललं तर त्याला दाखला देता येणार नाही, आणि खालच्या वर्गांचाही विचार करावा लागेल.

माझ्या मनात आलं, हा मुलगा आणि त्याचा संगणक दोन्ही चुकत असतील तर? मग मनात आलं, बरोबर असतील तर? चिटणीसांना अजून कळवलं नाही. परवा कळवेन.

१२ एप्रिल

कळवलं नाही. ह्यांनी विचारलं, जेवली का नाहीस? म्हटलं, उकडतंय.

१६ एप्रिल

सातवीचा विज्ञानाचा उजळणीचा तास घेतला, पाचवीला चिंचेखाली पाठवून व्हरांड्यात. विषय कंपन. फूटपट्टी बाकाच्या कडेला दाबून धरायची, पुढे आलेला भाग वाकवून सोडायचा: टर्रर्र. मग तिच्या टोकाला ओल्या मातीचा गोळा चिकटवायचा आणि पुन्हा सोडायचं. आता ती सावकाश हलते, डोळ्यांनी मोजता येते. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या सरांनी असंच शिकवलं होतं.

समाधान नावाचा मुलगा म्हणाला, "बाई, पट्टी नरम झाली." झुंबर पाटलांचाच मुलगा, बापासारखा ठाम. मी त्याला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "पट्टी तीच आहे. मी बदलली का? मग नरम कशी होईल? नीट बघ, काय बदललं?" सगळा वर्ग ओरडला, "माती!"

हर्षल दाराशी चहाचा कप घेऊन उभा होता. कप तसाच खिडकीत ठेवून धावत जिन्याकडे गेला. वर जायला बंदी मीच घातली आहे आणि पहिली मोडली त्याने. शिवाय कप उचलला नाही. सहावी सुटल्यावर संध्याकाळपर्यंत कार्यालयाचं दार लावून संगणकापुढे बसला होता. केतकीबाईंनी हाक मारली तरी ओ दिली नाही. हल्लीच्या मुलांना काही सांगायचं म्हणजे कठीण.

एकंदरीत तास चांगला झाला.

१७ एप्रिल

सकाळी हर्षल जिन्याच्या तोंडाशी माझी वाट पाहत होता. दाढी केलेली नव्हती, पण चेहरा धुतलेला होता.

"बाई, या गच्चीवर काय आहे?"

"काही नाही. दर शनिवारी झाडून घेते."

"वर नाही. आत. पायाखाली."

मला गच्चीवर नेलं आणि नकाशा उघडला. नकाशात कठडा सव्वातीन फूट. त्याने टेप लावला. दोन फूट चार इंच.

"कठडा बुटका नाही बाई. गच्ची वर आलीय."

मग गजाननला पहार आणायला सांगितली. त्याने कोपऱ्यात हळूहळू खोदलं. आत थर दिसले, एकावर एक, कोबीच्या पानांसारखे. वरचा अजून ओलसर होता. प्रत्येक थराला मी चहा दिला आहे. प्रत्येक थराला दोन शब्द बोलले आहे.

हर्षल खाली गेला आणि त्याने संगणकातल्या शाळेच्या डोक्यावर हे थर चढवले. नाडी आली साडेसहा. यंदाचा थर काढला, पावणेसात. सगळे काढले, नऊ. त्याने मला हे पुन्हा पुन्हा करून दाखवलं, लहान मूल दिवा लावतं-विझवतं तसं. बीम कमजोर नाहीत. छत स्वतःच्या वजनाएवढं आणखी वजन घेऊन उभं आहे, म्हणून भेगा आणि म्हणून संथ नाडी. "आणखी दोन-तीन वर्षं असंच चाललं असतं तर बाई, मोजायची गरज उरली नसती."

सगळे थर काढले तर दाखला मिळेल. काढायला माणसं हवीत आणि ती फुकट हवीत. म्हणजे ज्यांनी घातले त्यांनाच सांगायचं, तुम्ही जे केलंत ते उपटून काढा. झुंबर मानी माणूस आहे. गेल्या वर्षी पंखा बसवताना चिटणीस काहीतरी बोलले तर महिनाभर शाळेकडे फिरकला नाही. त्याने पोरांना घेऊन जायचं ठरवलं तर त्याच्या आळीतली सगळी मुलं जातील. मग दाखला घेऊन मी कोणाला शिकवू?

२० एप्रिल, रविवार

पालकांना बोलावलं. हर्षल म्हणत होता, मी समजावतो, आलेख दाखवतो. मी नको म्हटलं. समाधानला पुढे बोलावलं आणि फूटपट्टी व माती दिली. त्याने करून दाखवलं. मग मी सरळ सांगितलं, वरचा गोळा म्हणजे आपला थर. दरवर्षीचा.

झुंबर उभा राहिला.

"म्हणजे बाई, आम्हीच दाबून राहिलो होतो शाळेले?"

तेवढ्यात मागून त्याची बायको कोंडाबाई बोलली. ती सभेत कधी बोलत नाही.

"गावाले धाब्यावर दरसाल खारी माती टाकता. मग चार-पाच वर्षांनी सगळी खाली कोण काढतं? तुम्हीच ना? तिथं काढाची अक्कल शे, इथं कुठं गेली?"

आता मला उलगडा झाला. त्यांच्या गावी घरांवर मातीचं सपाट छत असतं, त्याला धाबं म्हणतात. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पसरायची, आणि फार चढली की सगळी उतरवायची. हात देण्याची रीत त्यांनी इथे आणली. उतरवण्याची आणली नाही.

झुंबर बायकोकडे वळला. "ते लाकडाचं धाबं शे बये. कडी वाकली का डोळ्याले दिसते. हे सिमेंटचं. पक्कं! पक्क्याले काय होतं, असं वाटलं."

"मलाही तेच वाटलं, झुंबरराव," मी म्हटलं. "आणि मी शिकलेली आहे."

आधी कोंडाबाई हसली, मग सगळे. झुंबर शेवटी हसला, पण हसला. मग म्हणाला, "पण बाई, काढलं तर गळंल ना."

"गळू दे."

"तुमची शाळा गळणार? सगळ्या सिल्वासाले सांगता तुम्ही, आमची गळत नाही म्हणून!"

सांगते का मी? सांगत असेन.

४ मे, रविवार

काम सुरू. हर्षलचे नियम: घण आणायचा नाही, छिन्नीच चालेल. मधून सुरुवात करून कडेला जायचं. निघालेला चुरा वर साठवायचा नाही, लगेच खाली. हे नियम पाळले जावेत म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. एकाने पिशवीत लपवून घण आणला होता, तो माझ्या खुर्चीखाली जमा आहे. पाळी संपली की माणसं थेट कारखान्यातून येतात. उन्हात छिन्न्यांचा आवाज टोकरखाड्यापर्यंत जातो म्हणे.

झुंबर प्रत्येक थर ओळखतो. "हा नवनाथच्या लग्नाच्या वर्षाचा. याच्यात सिमेंट कमी, चुना जास्त. तेव्हा संप होता." असं म्हणून छिन्नी लावतो. दुपारी मला म्हणाला, "बाई, घालताना इतकं चांगलं वाटलं नव्हतं." मी म्हटलं, बोलू नका, काम करा.

१८ मे

गच्ची पुन्हा नकाशासारखी झाली. हर्षल चवड्यांवर उभा राहिला. मग थांबला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही."

मी साठीला टेकले आहे. गच्चीवर सगळे पालक आहेत. मी म्हटलं, हे शोभत नाही. मग चप्पल काढली, चवड्यांवर उभी राहिले आणि टाचा टेकल्या.

पावणेनऊ.

उरलेला पाव भेगांचा, हर्षल म्हणाला. भेगा भरून घेतल्या की तोही बराचसा येईल. केतकीबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि हर्षलचा चेहरा लाल झाला. ऊन फार होतं.

११ जून

भेगा भरल्या. मोजमाप आणि संगणक शेजारी शेजारी ठेवून प्राध्यापकांनी दाखला दिला. सरकारी कार्यालयात मी स्वतः जाऊन दिला आणि पोच घेतली. चिटणीस म्हणाले, "अभिनंदन बाई, आता लोखंडी कठडा बसवू." म्हटलं, गरज नाही.

हर्षल सामान बांधून गेला. दोन डब्या मात्र छताला ठेवल्या आहेत, दर महिन्याला येऊन नाडी बघायची म्हणतो. एवढी वारंवार कशाला, मी विचारलं. म्हणाला, शास्त्र आहे. हे वर्तमानपत्राआडून हसले. का, ते सांगितलं नाही.

२४ जुलै

तीन दिवस झड लागली आहे. वरचे तिन्ही वर्ग भरले होते. अकराच्या सुमाराला पाचवीच्या मागच्या कोपऱ्यात छत गळू लागलं. आमच्या शाळेत हे प्रथमच. मी बातमी ऐकून वर गेले तेव्हा मुलं कविता सोडून वर बघत होती आणि गजानन बादली शोधायला धावला होता. निरोप कसा पोचला कोण जाणे, झुंबर भिजत जिन्यात येऊन उभा होता.

"बाई, फक्त एक पातळ हात. उन्हाळ्यात काढून टाकू."

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "बरं बरं," आणि गजाननला बादली धरू लागला.

केतकीबाईंनी पुस्तक मिटून विचारलं, "बाई, वर्ग खाली हलवू का?"

"बाकं हलवा," मी म्हटलं. "आणि कविता पुढे चालू द्या."